अंघोळीच्या पाण्याची चूल

रविवार, ८ जून २०२५
कोसाड आवास, सुरत

उज्ज्वला,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक करून ठेवलं आहेस. म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. तुला वाचता येत नाही हे मी विसरलेली नाही, तिसरीतून शाळा सोडल्याचं तूच सांगितलं होतंस. पण माझी लेक दोन महिन्यांपासून तुझ्या घरी आहे, ती वाचून दाखवेल. हर्षदा, मोठ्याने वाच आणि काही गाळू नकोस.

काल भाऊबंदांच्या ग्रुपवर नितीनभाऊंनी कार्ड टाकलं. 'यंदा कानबाई मातेची स्थापना आमच्या डिंडोलीच्या नवीन घरी.' खाली घराचा फोटो. ते वाचताना माझी भाकरी तव्यावर करपली. आपल्यात श्रावणातली कानबाई मोठ्याच्या घरी मांडतात. यांच्या पाठचे नितीनभाऊ, आणि तू माझी धाकटी जाऊ. हे काय आता कार्ड पाठवून बदलायचं? सासूबाई होत्या तोवर गावाला मांडायच्या, त्यांच्यानंतर खाडीवरच्या वस्तीत माझ्या खोलीत आणि मग कोसाडला. एवढी वर्षं चार जिने चढून भाऊबंद आले ना? कोणाचे गुडघे मोडले का?

फोटो बोटांनी मोठा करून बघितला, लपवत नाही. ओट्यावर झुलायला हिंचका टांगला आहेस. फरशी चकचकीत आहे. दारावरच्या पाटीवर तुझं नाव आधी आणि नितीनभाऊंचं मागून. यांना दाखवलं तर म्हणाले, "चांगलं शे ना." या माणसाला कशाचंच काही वाटत नाही, सगळं वाटून घ्यायचं कंत्राट माझ्याकडेच आहे.

आणि हर्षदाचं काय? कॉलेज उधन्याला, कोसाडहून दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून परीक्षेपुरती काकूकडे राहते म्हणाली. परीक्षा संपून महिना झाला. येत्या रविवारी तिला पाठव. आणि कानबाईचं कार्ड मागे घ्यायला सांग.

रंजना

शनिवार, २१ जून

उज्ज्वला,

तुझं उत्तर मिळालं. शब्द तुझे, अक्षर माझ्या पोरीचं. ते गोल गोल अक्षर मी तिला खाडीवरच्या खोलीत हात धरून गिरवायला लावलं होतं. त्याच अक्षरात मला 'आक्का' म्हणून लिहिलेलं आलं.

लिहितेस काय, "आक्का, तुम्हना चार जिना आते कोन चढी? यंदा कानबाई आमना घर मांडूत. रोट बी आमन्हं येगळं करूत. हर्षदानी मूठ कोनाम्हा लेवानी, ते तिलेच पुसा."

रोट वेगळं करणार! लग्न होऊन आलीस तेव्हा तुला परातीत गहू मोजायला कोणी शिकवलं? घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ, मग ते सगळं एकत्र दळायचं, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. ज्याची मूठ परातीत पडली तो आपला. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "मी जित्ती शे तवलोंग रोट एकच राही." त्या गेल्यावरही मी ते एकच ठेवलं. दोघं तुम्ही आणि तुमचा भूपेंद्र, आम्ही तिघं. सहा मुठी. आता तू तीन उचलून नेणार आणि वर विचारतेस की हर्षदा कोणात.

मला माहीत आहे तुझ्या पोटात काय आहे. अकरा वर्षांपूर्वी खाडीवर मोजणीचा साहेब आला, तेव्हाचं तू अजून धरून बसली आहेस. त्याने विचारलं, इथे किती घरं? मी म्हटलं, एकच घर, आमचं रोट एक आहे. बाहेरच्या माणसापुढे कोणती खानदेशी बाई सांगेल की आमच्यात दोन घरं आहेत? त्याने एक लिहिलं. वस्ती तोडली तेव्हा एकच फ्लॅट मिळाला, यांच्या नावावर. तुम्ही डिंडोलीत भाड्याच्या खोलीत गेलात. यात मी काय केलं?

आणि खरं सांगू? तुला काही मिळालं नाही म्हणून तुला सगळं मिळालं. डिंडोलीत आपली माणसं, मार्केटचे टेम्पो दारापर्यंत. तू साड्यांना लेस लावायला घेतलीस, मग मशीन घेतलं, मग बाया ठेवल्यास. रस्ते झाले, पूल झाला, बाग झाली. इकडे कोसाडला साडीचं काम द्यायला टेम्पो येत नाही, आला तर निम्म्या भावात देतो. हे बमरोलीच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी करायचे, येण्याजाण्यात तीन तास जायचे. शेवटी मिल सोडून अमरोलीत वॉचमन झाले. घर मिळालं म्हणून आम्ही पेढे वाटले होते. तूही खाल्लास एक.

हर्षदा रविवारी आली नाही.

रंजना

रविवार, ६ जुलै

उज्ज्वला,

काल मी डिंडोलीला आले होते. तुला माहीत नाही. हर्षदा, तुलाही माहीत नाही.

दोन बस आणि एक रिक्षा करून तुमच्या सोसायटीच्या तोंडाशी उतरले. तिथे एक रसवाला आहे, त्याच्याजवळ उभी राहिले. म्हटलं जरा दम घेऊ आणि मग जाऊन चांगलं सुनावू. समोर तुझा ओटा दिसत होता. खाली चार बाया लेस लावत बसल्या होत्या, कोणीतरी अहिराणीत काही बोललं आणि सगळ्या हसल्या. माझ्या जिन्यात कोणी अहिराणी बोलत नाही गं. एक ओडिया घर, दोन भैयांची, वरती काठेवाडी. सगळे भले आहेत, पण हसायचं झालं तरी हिंदीत हसावं लागतं.

मग हर्षदा बाहेर आली आणि हिंचक्याखाली पायरीवर बसली. तू वर हिंचक्यावर. तू तिचे केस मोकळे केलेस आणि तेल लावायला लागलीस. ती डोळे मिटून बसली होती. दहावीपासून या पोरीने मला केसांना हात लावू दिलेला नाही. "मम्मी, मी करून घेईन, छोड ना." असं म्हणते. तुझ्या हातात काय वेगळं आहे? माझे हात खरखरीत झाले हे खरं. चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं नाही, पहिली तीन वर्षं मी हंडे वाहिले आहेत.

माझा इतका जळफळाट झाला की रसवाल्याने विचारलं, "मासी, तबियत तो ठीक छे ने?" घर घे, नाव घे, कानबाई घे, पण हे कशाला? तुला मुलगा आहे की. मी तिथूनच परत फिरले.

येताना बस बमरोलीवरून घेतली. आपली खाडी आठवते? वास यायचा म्हणून पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आता तिथे भिंत बांधली आहे, फुलझाडं आहेत, चालायला रस्ता आहे. पांढरे बूट घातलेल्या बायका पोट कमी करायला झपझप चालतात. आपण तिथे राहत होतो तेव्हा पालिकेला एक दिवा लावायला सवड नव्हती. त्या बायकांचाही मला राग आला. काल मला सगळ्यांचाच राग येत होता.

रंजना

गुरुवार, १७ जुलै

उज्ज्वला,

तुझं दुसरं पत्र आलं. मी वाट बघत होते की तू भांडशील. तेल लावताना लपून बघितलं म्हणून टोमणा मारशील. आणि तू काय लिहून पाठवतेस? "आक्का, जे व्हयनं ते व्हयनं. लिखनारानी चूक करी, त्यामा तुम्हना काय दोष? रोट येगळं नही करत. तुम्ही मोठा शेतस. मोजाना दिन आमना घर या, पाटवर बसा, मूठ तुम्हनाच हातनी पडू द्या."

चार दिवस हे पत्र मी डब्याखाली दाबून ठेवलं. यांनी वाचलं आणि डोळे पुसले. म्हणाले, "उज्ज्वलानं मन मोठं शे." लग्नाला पंचवीस वर्षं होतील, माझ्याबद्दल असं एकदाही बोलले नाहीत. घर तुझं मोठं, ओटा मोठा, आता मनही तुझंच मोठं. एखादी गोष्ट तरी माझ्याकडे राहू दे.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये काशीबाई राहतात, तुला एकदा दाखवल्या होत्या. बुलढाण्याकडच्या, बौद्ध आहेत. रेल्वेच्या पट्ट्यातून इकडे आल्या. त्यांचे दोन मुलगे याच आवासात वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये आहेत आणि तिसरा त्यांचा. मी काल सहज विचारलं, तुम्हाला तीन कसे मिळाले? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अवं, साहेबानं इचारलं, चुली किती? म्या म्हनलं, तीन. लेकं-सुना न्यारे जेवतात, मंग तीनच ना. दाखवल्या त्याला तिन्ही." मी म्हटलं, बाहेरच्याला असं सांगायला लाज नाही वाटली? तर हसल्या. "लाज कायची? कागदावर नाव नसलं तर मानूस कुठं जाईन? आमच्या बापानं तेवढं शिकवलं व्हतं."

हर्षदा, तुझा आवाज इथे चढला असेल, कारण तुला काशीबाई आवडतात. पण मला त्यांचा हेवा वाटला. तीन फ्लॅटचा नाही. त्या तांदूळ निवडता निवडता सांगू शकल्या, त्याचा.

मी येईन की नाही ते कळवते.

रंजना

गुरुवार, २४ जुलै

उज्ज्वला,

दिव्यांची अवस आहे. दिवे घासून झाले. आता लिहिते.

मी तुझ्या घरी पाटावर बसायला येणार असेन तर तुला एक गोष्ट आधी माहीत हवी. आणि ती कळल्यावर तू मला बोलावणार नाहीस, हर्षदाही माझ्याकडे यायची नाही, हे मला दिसतं आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या त्या मोठ्या मनाखाली मला श्वास घेता येत नाही. ते मोठं मन तू एका खोट्यावर केलं आहेस.

मोजणीचा साहेब आला तेव्हा तू भूपेंद्रच्या वेळी माहेरी होतीस. दोघे भाऊ पाळीला. घरात मी आणि शाळेतून आलेली हर्षदा. साहेबाने विचारलं, किती घरं? मी म्हटलं, एक, आमचं रोट एक आहे. इथवर मी सगळ्यांना सांगितलं आहे. पण तो माणूस चांगला होता. त्याला रोटाचं काही कळलं नाही. तो आत आला, त्याने दुसरी खोली बघितली, तुझी मातीची चूल बघितली. शेजारी तुझा तवा, तुझा मिठाचा डबा. म्हणाला, "बहन, दूसरा चूल्हा किसका है? अलग खाते हो तो अलग लिखता हूँ. बाद में रोना मत."

हर्षदा, थांबू नकोस. वाच.

मी म्हटलं, "वो तो नहाने का पानी गरम करने की चूल है, साहब." आणि तव्यापुढे जाऊन उभी राहिले.

अभिमान वगैरे नव्हता. मला त्याच क्षणी सगळं नीट कळलं होतं. मी तेरा वर्षं खाडीत काढली होती. दोन पूर बघितले. गुडघाभर गाळातून हर्षदाला डोक्यावर घेऊन निघाले. आणि तू चार वर्षांपूर्वी आलेली, गोरी, सासूबाईंची लाडकी, पोटात भूपेंद्र. तुला माझ्याएवढंच पक्कं घर मिळणार? एवढंच मनात आलं. यापेक्षा मोठं कारण काही नाही. पुढे नितीनभाऊ पालिकेत चार चकरा मारून आले आणि 'एकच घर लिहिलंय' म्हणून ओट्यावर बसले, तेव्हा मी त्यांना चहा दिला.

ते यांनाही माहीत नाही. आता तुला माहीत आहे. १ तारखेला, शुक्रवारी गहू मोजायचे आहेत. बोलावलंस तर येईन.

रंजना

मंगळवार, ५ ऑगस्ट

उज्ज्वला,

तू गुरुवारी भूपेंद्रकडून यांना फोन करवलास, 'आक्काले लवकर ली या.' मला वाटलं, तोंडावर बोलण्यासाठी बोलावते आहे. रस्ताभर मी काय काय ऐकावं लागेल याची तयारी करत होते. आणि तू दारातच पाया पडलीस. गळ्यात पडलीस. म्हणालीस, शेवटच्या पत्रात सगळं विसरून येते लिहिलं, फार बरं वाटलं.

मी हर्षदाकडे बघितलं. ती परात पुसत होती. मला पाणी देताना हळूच म्हणाली, "मम्मी, मी ते नाही वाचलं. मी माझ्या मनाचं वाचलं. तू पण बोलू नको आता. चालशे." क्षणभर मला गोड वाटलं की पोरीने आईला झाकलं. मग तिने तुझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा मला दिसला. ती मला झाकत नव्हती. तुला दुखू नये म्हणून तिने ते गाळलं होतं. तिथेही तूच.

पाटावर बसवलंस. सगळे भाऊबंद उभे. यांच्या नावाची सव्वा मूठ टाकली, नितीनभाऊंची टाकली. तुझं नाव घेतलं आणि मूठ उघडेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "उज्ज्वला, ती चूल तुनी व्हती. साहेबनी पुसं, मी सांगं, नहावाना पानीनी शे." मग बाकीचंही सगळं सांगितलं, पत्रात होतं तसं.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "वस्ती तोडी तवय भूपेंद्रले ताप व्हता, आक्का." मग आतून दुसरी परात आणलीस, समोर बसलीस आणि आपल्या हाताने तीन सव्वा मुठी मोजल्यास. हर्षदा तुझ्याजवळ येऊन बसली, तिला वाटलं चौथी टाकशील. तू परात उचललीस आणि म्हणालीस, "तुम्हनी आंडेर तुम्ही ली जा." माझ्या लेकीचं तोंड तेव्हा मी बघितलं. तू बघितलं नाहीस, पाठ केली होतीस.

रविवारी तुझ्याकडे कानबाई बसली, आम्ही आलो नाही. कोसाडला मी तिघांचे रोट केले. यांनी एक घास खाल्ला आणि जाऊन गॅलरीत उभे राहिले. ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं काही म्हणायचं नाही. हर्षदा पहाटेची बस पकडून कॉलेजला जाते, आली की भिंतीकडे तोंड करून झोपते. तिच्या बाजूला मी बसते. तिची मूठ माझ्या परातीत पडली. मी मागत होते ते मला मिळालं, घर मिळालं होतं तसंच.

मी माफी मागत नाही. तू दिलीस तर मला पुन्हा तुझा राग येईल, मी माझ्या स्वभावाला ओळखते. आजही तुझ्याबद्दल लिहिताना दात आवळले जातात. पण काल हर्षदाची वही उघडी होती. त्यात तुझ्या बायांचे साडीचे हिशेब नाहीत, अभ्यासही नाही. एका पानावर मोठी मोठी अक्षरं काढली आहेत, अ, आ, इ, आणि वर लिहिलं आहे, 'काकूसाठी, धडा तिसरा.' तू तिच्याकडून वाचायला शिकत होतीस, मला कोणी सांगितलं नाही.

तीन धड्यांत तुला हे पत्र वाचता येणार नाही. तुझ्याकडे आता वाचून दाखवणारं कोणी नाही, नितीनभाऊंच्या तोंडून हे तुला ऐकवायचं नाही आणि भूपेंद्र गुजराती शाळेतला. म्हणून पोस्टात टाकत नाही, हर्षदाच्याच हाती देते आहे. तिला सांगितलं आहे की काकूला नेऊन दे, वाचून दाखव आणि परत ये.

परत यायचं नाही. पिशवीत खाली तिचे चार ड्रेस आणि पुस्तकं मी भरून ठेवली आहेत, वर रोटाचा डबा आहे म्हणून तिला दिसलं नाही. तिला ठेवून घे. ती हे तुझ्यापुढे मोठ्याने वाचेल तेव्हाच तिला कळेल.

रंजना